मदत हवी आहे: डिस्टिल्ड पाण्यातला रंग जातो, बोअरच्या पाण्यातला का जात नाही?

नमस्कार मंडळी,

जळगावात एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांवर आहे. उन्हात त्यांनी पाण्यातला सेंद्रिय रंग तोडायचा. रंग मिथिलीन ब्लू, 5 पीपीएम (लिटरला 5 मिलिग्रॅम). पावडर मीच सोल-जेलने (द्रावणाचं आधी जेल करून) केली आणि मफल फर्नेसमध्ये 450 अंशांना दोन तास भाजली. एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) अनाटेज, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप, आलं.

डिस्टिल्ड पाण्यात सगळं झकास. 100 मिलीत 50 मिलिग्रॅम पावडर. जिन्यातून एक्स्टेंशन बोर्ड ओढला आणि स्टररसकट बीकर गच्चीवर नेला. 664 नॅनोमीटरचं रीडिंग (पाणी त्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते, म्हणजे किती रंग उरला) दीड तासात 1.1 वरून 0.06. आई म्हणाली, एवढ्या उन्हात बिबडे तरी वाळले असते.

मग हौस म्हणून घरच्या बोअरचं पाणी घेतलं. बादलीला पांढरा थर धरणारं, तेच. तोच रंग, तीच पावडर, पण तीन तास झाले तरी रीडिंग 0.5 च्या खाली जाईना. स्टरर थांबवला की पावडर नासलेल्या दुधासारखी गठ्ठे होऊन बुडाशी बसते. सेंट्रिफ्यूजच्या नळीतला गाळही पांढरा नाही, फिकट निळा आहे. पावडर बिघडली म्हणावं, तर त्याच बॅचने डिस्टिल्डमध्ये परत रंग घालवला. मग चुकतंय कुठे? सबमिशन पंधरा दिवसांवर आलंय.

तापीकाठ:
उन्हात नेण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळलं होतंस का? निळा गाळ म्हणजे थोडा रंग तुटलेला नाही, कणांना चिकटून बसलाय. तो तू 'गेला' म्हणून मोजतेयस. डिस्टिल्डचा 0.06 सुद्धा मग जरा संशयाने बघ.

धागाकर्ती:
नाही ढवळलं दादा. सरळ उन्हात नेलं.

निवृत्त मास्तर:
ताई, पावडरीला दोष देऊ नकोस. अनाटेजला साधारण 387 नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो, म्हणजे उन्हातला जेमतेम चार-पाच टक्के. त्यातून जे हायड्रॉक्सिल रॅडिकल (फार जहाल, अल्पायुषी कण) तयार होतात ते रंग तोडतात. बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट तेच रॅडिकल मधल्यामधे खातं. त्याचा कार्बोनेट रॅडिकल होतो, पण तो तितका जहाल नाही. दुसरीकडे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे कण एकमेकांना चिकटतात आणि उघडा पृष्ठभाग घटतो. तुझे गठ्ठे ते हेच.

दोन्ही वेगळे करून बघ. बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी (त्यात बायकार्बोनेट किती ते) टायट्रेट कर. मग डिस्टिल्डच्या एका बीकरमध्ये तेवढाच खाण्याचा सोडा (म्हणजे नुसतं बायकार्बोनेट), दुसऱ्यात कॅल्शियम क्लोराइड. पीएच दर वेळी लिही. तिसरा बीकर पावडरीशिवाय उन्हात ठेव, कारण मिथिलीन ब्लू नुसत्या उन्हातही थोडा फिका पडतो. हा बीकर नसेल तर व्हायवात पहिला प्रश्न तोच येतो. मी स्वतः विचारायचो.

आणि निळेपणा गेला म्हणजे रेणू पूर्ण तुटला असं लिहू नकोस. त्यासाठी टीओसी (पाण्यात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजावा लागेल. 5 पीपीएमला सीओडीच्या (रासायनिक ऑक्सिजन मागणीच्या) टायट्रेशनमध्ये फरक हाती लागणार नाही.

धागाकर्ती:
सगळं करून बघितलं. अंधारातच बोअरच्या पाण्याचं रीडिंग 1.1 वरून 0.8 झालं! म्हणजे उन्हाने खरं तर फक्त 0.3 चं काम केलं. सोड्याच्या बीकरमध्ये रंग रखडला, पण पावडर मोकळी राहिली. कॅल्शियमच्या बीकरमध्ये गठ्ठे झाले, तरी रंग बराचसा गेला. म्हणजे मुख्य अडचण बायकार्बोनेटचीच. मास्तर, पाणी आधी उकळून, थर गाळून घेतला तर चालेल ना? की त्याला 'खरं पाणी' म्हणता येणार नाही? आणि जळगाव-धुळ्यात टीओसी कुठे करून मिळेल?