मदत हवी आहे: दुपारी कॉन्सन्ट्रेटरचा (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या मशीनचा) पिवळा दिवा लागतो, ऑक्सिजन 84 वर येतो

वडिलांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. डॉक्टरांनी मिनिटाला 2 लिटरवर रोज 16 तास ऑक्सिजन सांगितलाय. मशीन 5 लिटरचं. बोटावरच्या यंत्रात रक्तातला ऑक्सिजन सकाळी 90-91 टक्के असतो, दुपारी तीननंतर 84-85 आणि पिवळा दिवा. सोलापुरातलं पत्र्याचं घर, शेजारी यंत्रमाग. फ्लो 4 केला तर चालेल का?

प्रतिसाद 1
पिवळा दिवा लागला की शुद्धता घसरली समजा. चांगलं मशीन 90 ते 96 टक्के ऑक्सिजन देतं, पण ही मशीनं साधारण 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. एप्रिलमध्ये पत्र्याखाली त्याहून जास्त होतं. मशीन भिंतीपासून फूटभर लांब, खोलीतल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. मागचा स्पंजचा फिल्टर काढून बघा. साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवूनच बसवा. ओला बसवला तर दमट हवा आत जाऊन झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) खराब होतं.

मग कॅन्युलाची (नाकात लावायच्या नळीची) टोकं पाण्याच्या पेल्यात धरा. बुडबुडे आले नाहीत तर बहुतेक वेळा ह्युमिडिफायर बाटलीचं (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं) झाकण तिरकं बसलेलं असतं.

प्रतिसाद 2
फ्लो मनाने वाढवू नका, डॉक्टरांना फोन करा. सीओपीडीत लक्ष्य बहुधा 88 ते 92 असतं. जास्त ऑक्सिजनने काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि बोटावरच्या यंत्राला तो दिसत नाही. त्यासाठी धमनीतल्या रक्ताची एबीजी तपासणी लागते. सकाळी डोकं जड, दिवसा गुंगी, असंबद्ध बोलणं दिसलं तर थेट दवाखाना. पण घाबरून ऑक्सिजन बंदही करू नका. आणि हो, घरात बिडी नको, चुलीजवळ नळी नको.

धागाकर्ता
फिल्टरवर सुताची गोधडीच होती! धुवून, वाळवून बसवला. साडेतीनला 89, दिवा हिरवा. लाईट गेली तर?

प्रतिसाद 1
मग आता फिल्टर दर दोन-तीन दिवसांनी. यंत्रमागाशेजारी आठवडा म्हणजे फार झाला. लाईटसाठी बी टाइप सिलिंडर ठेवा. भरलेल्यात साधारण 1500 लिटर, म्हणजे 2 लिटरवर साडेबारा तास. सिलिंडर साखळीने बांधून उभा ठेवा, रेग्युलेटरला तेल-ग्रीस अजिबात नको. सिलिंडर उघडायची चावी आत्ताच त्यालाच दोरीने बांधा, अंधारात ती सापडत नाही.