मदत हवी आहे: नैराश्यासाठी केटामाइन, विमा कंपनीने कॅशलेस नाकारले

रेवा_पुणे
नमस्कार. मनोविकारतज्ज्ञांनी केटामाइन या भुलीच्या औषधाच्या सहा सलाइन सुचवल्या असून पहिल्या काही देऊन झाल्या आहेत. उरलेल्यांसाठी केलेली कॅशलेसची विनंती टीपीएने (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेने) "ओपीडी उपचार, पॉलिसीच्या कक्षेबाहेर" एवढ्या एका ओळीत नाकारली. पुढची सलाइन याच आठवड्यात द्यायची आहे आणि मध्ये खंड पडू नये, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. विम्यातून पैसे मिळवण्याचा मार्ग ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया लवकर सांगावे. मनोविकारांना विमा लागू होतो हे मला ठाऊक आहे, तेवढेच पुन्हा सांगू नये.

समईवात
रुग्ण कोण, पॉलिसी वैयक्तिक आहे की नोकरीतली, सलाइन रुग्णालयात दिली जाते की क्लिनिकमध्ये, आणि आधी कोणती औषधे किती काळ घेतली, हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

न्यूजर्सीकर
अमेरिकेत एस्केटामाइन या केटामाइनच्याच एका रूपाच्या नाकातल्या फवाऱ्याला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. नोंदणीकृत केंद्रात डॉक्टरांसमोर तो घ्यायचा, दोन तास तिथेच थांबायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही, असा नियम आहे. दोन औषधांनी गुण आला नाही हे दाखवून पूर्वमंजुरी घेतली, तर विमा कंपन्या बहुधा पैसे देतात. शिरेतून दिल्या जाणाऱ्या केटामाइनला मात्र नैराश्यासाठी अधिकृत मान्यता नसल्यामुळे इथेही ते सहसा स्वखर्चानेच करावे लागते. तुम्ही फवाऱ्याचीच मागणी करावी.

रेवा_पुणे
मी पुण्यात आहे आणि माझा प्रश्न सलाइनबद्दल आहे. रुग्ण माझे पती. पॉलिसी माझ्या कंपनीची, सामूहिक. सलाइन रुग्णालयात, भूलतज्ज्ञांच्या उपस्थितीत देतात. सुमारे चाळीस मिनिटे पंप चालतो, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधलेला असतो आणि नंतर काही तास निरीक्षणाखाली ठेवून घरी सोडतात. तीन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत घेऊन झाली आहेत. परवा त्यांनी कोणी न सांगता दाढी केली आणि वर्तमानपत्र मागून घेतले, म्हणून मला हे मध्येच थांबवायचे नाही.

आडवाट
केटामाइन हे नशेसाठी वापरले जाणारे द्रव्य आहे. माझ्या भाच्याला नियमित प्राणायाम आणि पहाटेच्या चालण्याने फरक पडला. इतका खर्च करण्याआधी तो मार्ग जरूर पाहावा.

दिगंत
आडवाट, ज्या माणसाला अंथरुणातून उठणे जमत नाही त्याला पहाटे चालायला सांगणे हा उपचार नव्हे. केटामाइन भूल देण्यासाठी अनेक दशके वापरात असून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्याचा गैरवापर होतो हे खरे आहे आणि म्हणूनच आपल्याकडे ते शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या औषधयादीत आहे: दुहेरी प्रत असलेली चिठ्ठी लागते आणि तिची एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. रुग्णालयातल्या मोजक्या मात्रेची तुलना नशेशी करू नये.

कावेरी_सातारा
माझ्या आईला ईसीटीने (मेंदूला विजेचे झटके देण्याच्या उपचाराने) गुण आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल दिल्याशिवाय ईसीटी देण्यास मनाई केली आहे, त्यामुळे चित्रपटांतली भीती मनातून काढून टाकावी. डे-केअरच्या (चोवीस तासांपेक्षा कमी वेळ रुग्णालयात राहून घेतलेल्या उपचाराच्या) नेहमीच्या व्याख्येत भुलीची अट असते. ती ईसीटी पूर्ण करते, तर केटामाइनची मात्रा भुलीपेक्षा कमी असल्याने कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. डॉक्टरांना ईसीटीबद्दल विचारून पाहावे.

दिगंत
ईसीटी उत्तम उपचार आहे, पण इथे रेवाताईंनी तो विचारलेला नाही. शिवाय २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत, भ्रम नसलेल्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात केटामाइन ईसीटीपेक्षा कमी पडले नाही. लागू पडलेला उपचार मध्येच बदलण्याचे कारण दिसत नाही.

वाटसरू_ठाणे
सरळ चोवीस तासांसाठी भरती करून घ्यावे. ओपीडीचा मुद्दाच मिटतो.

समईवात
कृपया असे करू नये. भरतीची वैद्यकीय गरज नव्हती असे म्हणून कंपनी तोही दावा फेटाळते आणि पुढच्या तक्रारीची बाजू लंगडी पडते. रेवाताई, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा द्यावा लागतो. मात्र केवळ कलम दाखवून भागत नाही. शारीरिक आजाराची ओपीडीही वगळलेली असेल, तर कंपनी समान वागणूक दिल्याचेच सांगेल. म्हणून पॉलिसीतली डे-केअर यादी काढा. डायलिसिस आणि केमोथेरपीला भूल लागत नाही, तरी त्यांचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळतात. निरीक्षणाची गरज असलेली शिरेतली औषधे त्या यादीत कोणत्या शब्दांत बसतात, हे शोधून त्या शब्दांवर बोट ठेवा.

दुसरे, पॉलिसी तुमच्या नोकरीतली असल्यामुळे आधी मनुष्यबळ विभागाकडे जा. अनेक सामूहिक पॉलिसींत कॉर्पोरेट बफर (कर्मचाऱ्यांच्या जादा खर्चासाठी राखलेली विम्याची रक्कम) असतो आणि तुमच्या कंपनीच्या शिफारशीवरून विमा कंपनी अपवाद करू शकते. डॉक्टरांच्या पत्रात निदान, आधीच्या प्रत्येक औषधाची मात्रा व कालावधी, आणि रक्तदाब वाढण्याच्या शक्यतेमुळे रुग्णालयच का लागते, हे स्पष्ट असावे. तुमच्या पतींच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर तेही पत्रात हवे, आणि विम्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायला हवे. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

रेवा_पुणे
विचार येत होते, डॉक्टरांना माहीत आहे. आता कमी आहेत. मनुष्यबळ विभागाला आजच पत्र दिले. पुढची सलाइन आम्ही स्वतःच्या पैशांनी घेत आहोत. विमा कंपनीने पुन्हा नकार दिला तर?

समईवात
आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) जाता येते. पुण्यातही त्यांचे कार्यालय आहे, शुल्क नाही आणि वकील लागत नाही. सामूहिक पॉलिसीचीही तक्रार तिथे चालते. तोवर मूळ बिले जपून ठेवा, बिलात औषध, पंप, भूलतज्ज्ञ आणि निरीक्षण यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहून घ्या, आणि प्रत्येक सलाइननंतर रक्तदाबाच्या नोंदींसह डे-केअर समरी मागून घ्या.