१० जुलैचे स्मरण: नाईक यशवंत घाडगे

नाशिकरोडकर: मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचे सर्वोच्च युद्धशौर्य पदक) मिळालेले नाईक यशवंत घाडगे यांचे आमच्या शाळेत १० जुलैला स्मरण करायचे आहे, मुलांना नेमके काय सांगावे?

देवळालीकर: दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तुकडीतील बाकी सर्वजण ठार वा जखमी झाले असताना, मराठा लाइट इन्फंट्रीचे हे २२ वर्षांचे नाईक एकटेच शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्बने ती निकामी केली आणि पुन्हा काडतुसे भरण्यास सवड नसल्याने उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानेच ठार केले; नंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले.

पंचवटीकर: त्यांची कबर ज्ञात नाही, नाव इटलीतील कॅसिनो गावाच्या युद्धस्मारकावर आहे, हेही सांगावे. (भाषणे मात्र आवरती घ्यावीत; पावसात मुले उभी असतात.)