टोपणनावाची चाचणी

'ऑनलाइन चाचण्यांमुळे मुलं गुणांच्या मागे धावतात, शिकत काहीच नाहीत' असं या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय. अर्धंच पटलं. खोट चाचणीत नाही, तिला चिकटवलेल्या गुणांत आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा: काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. ५ मिनिटांनी वाचणारे सरस ठरले, आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे.

मी एकदा माझ्या ऑनलाइन वर्गाच्या चाचण्यांतून गुण काढून टाकले आणि टोपणनाव घ्यायची मुभा दिली. पहिला तास नावं वाचून हसण्यातच गेला (एकाने माझंच नाव घेतलं होतं!). पण 'झोपाळू कासव' दर वेळी उत्तर पाठवायचं, चुकलं की पुन्हा पाठवायचं. तीन आठवड्यांनी कळलं, ही कायम कॅमेरा बंद ठेवणारी, हजेरीलाही नुसतं 'हो' टाइप करणारी मुलगी. विचारलं तर म्हणाली, "सर, चुकतं ते कासव, मी नाही." पुढची चाचणी खऱ्या नावाने घेतली, त्यात तिने तीन प्रश्न कोरे सोडले. त्यातले दोन कासवाने आधी बरोबर सोडवले होते.