इंडीच्या डिस्कमधला जुना आयरिस जीएल प्रोग्राम: बाहेर कसा काढू, चालवू कसा?

निळाडबा:
एका प्रयोगशाळेनं मोडीत काढलेलं सिलिकॉन ग्राफिक्स (एसजीआय) कंपनीचं इंडी हे नव्वदच्या दशकातलं वर्कस्टेशन माझ्याकडे आलंय. आर४६०० प्रोसेसर, आत १ जीबीची पन्नास पिनांची स्कझी (डिस्क जोडायची जुनी पद्धत) डिस्क, सोबत कीबोर्ड-माउस. मॉनिटर नाही. डिस्कवर आमच्या सरांनी १९९४-९५ च्या सुमारास सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम असायला हवा, पाइपातल्या द्रवाचा प्रवाह रंगीत रेषांनी दाखवणारा. चित्र काढायचं काम आयरिस जीएलवर, म्हणजे एसजीआयच्या ग्राफिक्स लायब्ररीवर. सोर्स कोडची एक प्रत क्यूआयसी-१५० प्रकारच्या डेटा टेपवरही आहे असं त्यांना आठवतं. टेप आहे, लेबल पुसलंय.

रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. अजून वीज दिलेली नाही, पण हात शिवशिवताहेत. सुरुवात कुठून करू?

फटाफट:
सुरू करून बघ की! पासवर्डचं टेन्शन नको. आयरिक्समध्ये, म्हणजे एसजीआयच्या त्या काळच्या युनिक्समध्ये, एलपी, गेस्ट, डेमोज अशी खाती बिनपासवर्डाचीच यायची. कुणी बंद केली नसतील तर सरळ आत. नाहीतर इन्स्टॉलेशनच्या सीडीवरून मिनीरूट ही छोटी तात्पुरती सिस्टिम चालू करायची आणि पासवर्ड फाईलमधला रूटचा रकाना रिकामा करायचा. पाच मिनिटांचं काम.

तबकडी:
फटाफट म्हणतोय ते खातं उघडण्यापुरतं खरं आहे, पण निळाडबा, कृपा करून आज ते बटण दाबू नका. मशीन सुरू होणं म्हणजे डिस्कवर लिहिणं. आयरिक्स बूट होताना टीएमपी फोल्डर साफ करतं, लॉग लिहितं, स्वॅप वापरतं. ईएफएस ही आयरिक्सची जुनी फाईल सिस्टिम नीट बंद झालेली नसेल तर एफएससीके हा तपासणीचा प्रोग्राम येऊन स्वतःच्या बुद्धीनं 'दुरुस्ती' करतं. सरांनी टीएमपीमध्येच काही ठेवलं असेल (सगळे सर ठेवतात) तर ते पहिल्याच बूटला गेलं. आणि इतकी वर्षं न फिरलेली डिस्क किती वेळा फिरेल याची खात्री कुणी देऊ नये. ती एकदाच फिरणार आहे असं धरून चाला, आणि ती फेरी तुमच्या प्रतीसाठी वापरा.

डिस्क बाहेर काढा. स्कझी कार्ड असलेला लिनक्सचा पीसी असेल तर त्याला जोडा. नसेल तर ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी (एसडी कार्डाला स्कझी डिस्क बनवणारी छोटी बोर्डं) यांची इनिशिएटर मोड (दुसरी डिस्क स्वतः वाचायची सोय) असलेली आवृत्ती घ्या. ती डिस्क वाचून थेट एसडी कार्डावर तिची प्रतिमा (अख्ख्या डिस्कची एका फाईलमधली जशीच्या तशी प्रत) उतरवते, मध्ये पीसी लागतच नाही. टर्मिनेशन (स्कझीच्या तारेच्या टोकांना बसवायचे रोधक) मात्र दोन्ही टोकांना नीट द्या. निम्म्या 'मेलेल्या' स्कझी डिस्क टर्मिनेटर बसवल्यावर जिवंत होतात. पीसीवर करणार असाल तर डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्राम वापरा आणि त्याची मॅप फाईल (काय वाचून झालं याची नोंद) जपा. पहिल्या फेरीत अडेल ती जागा सोडून पुढे जाऊ द्या, चांगला भाग आधी हाती येऊ दे. खरवडणं नंतर, आणि तेव्हा उलट्या दिशेनंही वाचून बघा.

प्रतिमेची लगेच दुसरी प्रत करा. पुढचे सगळे उद्योग त्या दुसऱ्या प्रतीवर.

आता ती उघडायची कशी. एसजीआयच्या डिस्कला पीसीसारखं पार्टिशन टेबल नसतं, सुरुवातीला व्हॉल्यूम हेडर असतो. ८ नंबरचं पार्टिशन म्हणजे तो हेडर, १० म्हणजे अख्खी डिस्क, ० म्हणजे बहुधा रूट. लिनक्सला हा आराखडा कळतो, फक्त कर्नलमध्ये एसजीआय पार्टिशनचा पर्याय चालू हवा. आयरिक्स ५.३ असेल तर फाईल सिस्टिम बहुतेक ईएफएस. तिचं लिनक्समधलं मॉड्यूल फक्त वाचतं, लिहीत नाही. आपल्याला नेमकं तेच हवंय. एक्सएफएस ही एसजीआयची नंतरची फाईल सिस्टिम निघाली तर थोडी कटकट. जुन्या आयरिक्सची एक्सएफएस कधीकधी पहिल्या पिढीची डिरेक्टरी रचना वापरते, ती लिनक्सला वाचता येत नाही. आणि एक्सएफएसचा व्ही४ प्रकारच कर्नलमधून २०३० मध्ये काढून टाकायचं ठरलंय, तेव्हा असल्या डिस्क कपाटात ठेवलेल्यांनी फार रेंगाळू नये.

टेपबद्दल एकच गोष्ट. वाचून काढलेली फाईल टार (फाईलींचं गाठोडं) म्हणून उघडली नाही तर टेप खराब झाली असं लगेच ठरवू नका. आयरिक्स क्यूआयसी टेपवर बाइटच्या जोड्या उलटवून लिहीत असे, न उलटवणारं डिव्हाइस वेगळं होतं. लिनक्सच्या डीडी कमांडचा स्वॅब पर्याय लावून पुन्हा बघा. आणि ड्राइव्हचा रबरी रोलर चिकट झालेला असेल तर तो बदलल्याशिवाय टेप आत घालू नका.

निळाडबा:
बटण दाबलं नाही! झुलूस्कझीनं प्रतिमा उतरवली, शेवटाकडचे थोडे सेक्टर गेलेत, बाकी सगळं आलं. ईएफएस निघालं. सरांच्या होम फोल्डरमध्ये सोर्स आहे, मेकफाईल आहे, डेटा फाईली आहेत आणि एक तयार बायनरीसुद्धा. त्या बायनरीला लिनक्सवर फाईल कमांड लावली तर ३२ बिट, एमएसबी, मिप्स-१ असं सांगते. हे चांगलं की वाईट? शिवाय .आरजीबी शेपटीची बरीच चित्रं आहेत.

तबकडी:
चांगलं. मिप्स-१ म्हणजे इंडीच्या मिप्स प्रोसेसरसाठी बायनरी बनवायची जुनी ओ३२ पद्धत, आयरिक्स ५.३ वर चालेल आणि ६.५ वरही बहुतेक चालेल. एन३२ निघालं असतं तर ५.३ वर चाललंच नसतं, ती पद्धत आयरिक्स ६ च्या काळातली. ईएलएफऐवजी ईकॉफ (बायनरी फाईलचं त्याहून जुनं स्वरूप) दिसलं असतं तर प्रोग्राम आयरिक्स ४ चा, मग वेगळीच वरात.

चित्रांची काळजी सोडा. एसजीआयचं आरजीबी स्वरूप साधं आहे: ५१२ बाइटचा हेडर, पहिले दोन बाइट मिळून ४७४ हा आकडा, पुढे कच्चे किंवा आरएलईनं आवळलेले पिक्सेल. गिंप, इमेजमॅजिक, एफएफएमपेग, कुणीही उघडेल. स्वतः वाचायचा कोड लिहिलात तर ओळी खालून वर साठवलेल्या असतात एवढं लक्षात ठेवा.

कर्नलकाका:
चालवण्यासाठी खरं मशीन लागलंच पाहिजे असं नाही. मेम या जुन्या मशीनांची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये इंडीचं अनुकरण आहे, त्यावर आयरिक्स ५.३ आणि ६.५ दोन्ही चालतात. तुमच्या मशीनच्या आयपी२४ बोर्डाचा प्रॉम (मशीन सुरू करणारा, चिपमधला प्रोग्राम) लागेल, आणि डिस्कची प्रतिमा मेमच्या सीएचडी प्रकारात बदलून घ्यावी लागेल. ग्राफिक्स न्यूपोर्ट कार्डाचंच, म्हणजे बहुतेक तुमच्या इंडीत आहे तेच. वेग खऱ्या मशीनइतका मिळेल अशी आशा मात्र ठेवू नका.

प्रोग्रामला परवाना लागत असेल तर व्हार खालच्या फ्लेक्सएलएम (परवाने तपासणारी प्रणाली) फोल्डरमधली परवान्याची फाईल बघा. मुदतीच्या जागी १-जान-० असेल तर तो कायमचा परवाना. तो सिस्टिम आयडीला बांधलेला असतो, आणि इंडीत तो इथरनेट पत्त्याच्या शेवटच्या चार बाइटांचा बनतो. एसजीआयचे पत्ते ०८:००:६९ नं सुरू होतात, म्हणून आयडीची सुरुवात ६९ नं.

निळाडबा:
परवाना कशालाच लागत नाही, सगळं सरांचंच. मेममध्ये प्रोग्राम उघडला! रेषा दिसतात, फिरतात, हळू. आता सरांना तो स्वतःच्या लॅपटॉपवर हवाय. ओपनजीएल या आजही चालणाऱ्या ग्राफिक्स लायब्ररीत नेणं किती अवघड?

तबकडी:
अभिनंदन. सरांना आधी मेममधलाच दाखवा आणि पडद्याचं चित्रीकरण करून ठेवा. नंतर तुमची आवृत्ती बरोबर दिसते की नाही हे ताडायला तेच कामी येणार.

१९९२ मध्ये ओपनजीएल आलं ते आयरिस जीएलमधूनच, त्यामुळे चित्र काढायचा भाग ओळखीचा वाटेल. खिडकी उघडणं, माउस-कीबोर्ड वाचणं हे मात्र आयरिस जीएलच्या पोटातच होतं. विनओपन, क्यूरीड दिसेल ते सगळं फेकून तिथे ग्लट किंवा एसडीएल ही तयार लायब्ररी घाला. एसजीआयचं टूजीएल नावाचं भाषांतराचं हत्यार होतं, ते बरीचशी नावं बदलून देतं, पण खिडकीचा भाग तुमच्याच गळ्यात.

घात होतो तो बारीक ठिकाणी. आयरिस जीएलचं रोटेट फंक्शन अंशाच्या दहाव्या भागात कोन घेतं, म्हणजे तिथलं ९०० म्हणजे नव्वद अंश. ओपनजीएलला तसंच ९०० दिलंत तर तो अडीच फेऱ्या मारून १८० अंशांवर थांबेल, म्हणजे चित्र दिसेल पण उलटं, आणि तुम्ही मॅट्रिक्स तपासत बसाल. रॉट नावाचं दुसरं फंक्शन मात्र अंशच घेतं. एकाच फाईलमध्ये दोन्ही सापडतात, म्हणून डोळे मिटून दहानं भागू नका. मिप्स बिग-एंडियन आहे (आकड्याचा मोठा बाइट आधी), लॅपटॉप लिटल (लहान आधी). डेटा फाईलीतले फ्लोट वाचताना चार-चार बाइट उलटवा, नाहीतर प्रवाहाचा वेग प्रकाशाच्या पुढे जाईल.

निळाडबा:
कोन जमले, डेटाही. पण सरांच्या लाल रेषा माझ्याकडे निळ्या येतात.

तबकडी:
सीपॅक या रंग ठरवणाऱ्या फंक्शनमधला हेक्स आकडा बघा. आयरिस जीएलमध्ये सगळ्यात खालचा बाइट लाल, मग हिरवा, मग निळा, वरचा अल्फा. तुम्ही वेबच्या सवयीनं तो लाल-हिरवा-निळा असा वाचताय. आकडा तसाच राहू द्या, तो सुटा करणाऱ्या ओळी तेवढ्या बदला.

फटाफट:
आणि आता तरी इंडीचं बटण दाबू द्या हो त्याला!

तबकडी:
आता दाबा. मूळ डिस्क बाजूला, तिच्या जागी झुलूस्कझीवर तिसरी प्रत. मॉनिटर नसला तरी अडत नाही. कीबोर्ड काढून ठेवला की इंडीचा प्रॉम सिरियल पोर्टवर बोलतो, ९६०० बॉड. पोर्ट आठ पिनांचा गोल मिनी-डिन आहे. पुढे मॉनिटर जोडाल तेव्हा १३डब्ल्यू३ या जुन्या मॉनिटर-पोर्टचा अडॅप्टर एसजीआयच्या जोडणीचा घ्या. सन कंपनीचा तस्साच दिसतो, आतल्या तारा वेगळ्या असतात. घड्याळ चुकलेलं दिसेल, कारण डॅलस कंपनीच्या घड्याळाच्या चिपमधली बॅटरी चिपच्या आतच असते आणि ती केव्हाच संपलेली असणार. तारीख हातानं घाला आणि पुढे चला.