मदत हवी आहे: मेटोप्रोलॉल चालू असूनही आईचे ठोके बसल्याजागी शंभरच्या वर

मंडळी, आईबद्दल विचारायचंय. वय 66. मागच्या दिवाळीनंतर अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तेव्हापासून सकाळी मेटोप्रोलॉल एक्सएल 25, अ‍ॅस्पिरिन 75, क्लोपिडोग्रेल, बीपीला टेल्मिसार्टन 40 आणि रात्री अ‍ॅटोर्वास्टॅटिन. शुगर नाही. पल्स कायम 66 ते 72 असायचा, एवढा की आम्ही तो आकडा बघणंच सोडलं होतं.

गेल्या महिन्याभरात तो चढत गेलाय. आधी 84, मग नव्वदीत, आणि आता काही न करता नुसतं बसल्या बसल्या शंभरच्या पुढे. आई गावी दादा-वहिनीकडे असते, मी पुण्यात. वहिनी रोज सकाळी बीपी मशीनचा फोटो पाठवते, कालच्या फोटोत 112/70 आणि पल्स 104. आधी वाटलं मशीन गंडलंय, सेल बदलून बघितले, मग वहिनीला म्हटलं आईला दहा मिनिटं टेकून बसव, चहा नको, बोलणं नको, आणि मनगटावर बोटं ठेवून घड्याळ बघत अख्खा एक मिनिट मोज. 102 आले. ठोके एका लयीत आहेत, मध्ये चुकत नाहीत म्हणाली.

तालुक्याला डॉक्टरांकडे नेलं, इसीजी काढला, सायनस टॅकीकार्डिया आहे बाकी नवीन काही नाही म्हणाले. म्हणजे मला समजलं ते असं की ठोका निघतोय बरोबर जागेवरूनच, फक्त वेग जास्त आहे. टेन्शन असेल, मेटोप्रोलॉल 50 करा, असं लिहून दिलं. रक्त वगैरे काही तपासलं नाही.

आणि मला इथेच अडलंय. या गोळीचं कामच मुळात हृदयाचा वेग कमी ठेवायचं. ती पोटात असताना शंभर दिसतायत तर गोळी नसती तर किती दिसले असते? शरीर कशासाठी तरीच हृदय पळवत असणार ना, ते काय आहे हे न बघता नुसता आकडा खाली आणायचा हे काही मनाला पटत नाहीये. त्यात बीपीही नेहमीपेक्षा कमीच येतंय, एरवी वरचं 130 च्या आसपास असतं.

जे तपासून झालंय ते सांगते. श्रावण चालू आहे, आईचे सोमवार असतात, उपासाच्या दिवशी गोळ्या संध्याकाळी उपास सोडताना घेते की काय अशी शंका होती, कारण ही गोळी 24 तास पुरणारी आहे, वेळ एवढी सरकली तर मध्ये असर उतरणारच. पण वहिनी समोर उभी राहून सकाळीच देते, आणि दादाने स्ट्रिपा मोजल्या, हिशोब बरोबर आहे. ताप नाही, जुलाब नाहीत, पाणी व्यवस्थित पिते. छातीत दुखत नाही. फक्त माडीवर जाताना आता मध्ये थांबते आणि दुपारी आडवी होते जी आधी कधीच व्हायची नाही. विचारलं की म्हणते वय झालं आता. चार महिन्यांपूर्वी असं नव्हतं हो.

कोणाच्या घरी असं झालंय का? डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना नेमकं काय विचारू, कुठल्या टेस्ट करून घेऊ?

प्रतिसाद 1
ताई, थायरॉईड बघितलंय का? माझ्या बाबांचा पल्स असाच वाढला होता, हाताला बारीक कंप आणि वजन उतरत होतं, टीएसएच केली तर थायरॉईड जास्त निघालं. त्याची गोळी चालू केल्यावर ठोके आपोआप खाली आले. आणि नवीन 50 चा डोस पटला नाही म्हणून जुनी 25 ची मात्र मनाने बंद करू नका, मेटोप्रोलॉल एकदम थांबवलं की ठोके उसळतात, स्टेंटच्या पेशंटला ते धोक्याचं असतं.

प्रतिसाद 2
मी हार्टच्या आयसीयूत नर्स आहे. तीन गोष्टी लगेच विचारा. एक, चिठ्ठीबाहेरचं काही घेतात का, सर्दीची गोळी, दम्याचा पंप, दुखण्याची गोळी. दोन, खालची पापणी ओढून बघा, आत लाल आहे की फिकट. तीन, शी काळी डांबरासारखी होते का. लाजून सांगत नाहीत म्हणून आडून नाही, थेट विचारा. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही रक्त पातळ ठेवणारी, पोटात थोडं थोडं रक्त जात असलं तर बाहेरून काहीच कळत नाही. हिमोग्लोबिन उतरतं आणि आहे तेवढ्या रक्तात भागवायला हृदय जोरात पळतं. थकवा, धाप, पल्स वर आणि बीपी खाली, सगळं त्यात बसतं. सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन कळणारी रक्ताची टेस्ट, आजच करा, थायरॉईडची टीएसएच पण. शी काळी असेल तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा. चक्कर, बसल्या जागी धाप किंवा छातीत दुखलं तर सरळ 108. फक्त क्लोपिडोग्रेल स्वतःहून थांबवू नका, स्टेंटला वर्ष झालेलं नाही, काय थांबवायचं ते हार्टचे डॉक्टरच ठरवतील.

धागाकर्ती
खूप खूप आभार. वहिनीशी आत्ताच बोलले. आईच्या उशाशी स्टीलच्या डबीत गुडघ्याच्या गोळ्या सापडल्या, मेडिकलमधून आणलेल्या, एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलच्या, म्हणजे पोटात रक्तस्राव करू शकणारी दुखण्याचीच गोळी. पावसाळा लागल्यापासून रोज एक, कधी दोन, तेही उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी. आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. पापणी आतून पांढुरकी आहे. शीबद्दल आधी नाही म्हणाली, मग वहिनीने परत विचारलं तर म्हणाली आठवडाभर काळी होतेय, मला वाटलं राजगिऱ्याने असेल.

दादाने गाडी काढलीये, जिथे अँजिओप्लास्टी झाली तिथेच नेतोय, मीही इथून निघते. फोनवर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं दुखण्याची गोळी लगेच बंद, बाकी काही स्वतःहून बंद करू नका, आधी इथे या. डिस्चार्जचे कागद, स्टेंटचं कार्ड, जुने आणि आताचे इसीजी, सगळ्या गोळ्या आणि ती डबी सोबत घ्यायला सांगितलंय. रक्त चढवावं लागलं तर ब्लड ग्रुपचा कागद पण शोधतोय. अजून काही न्यायला हवं असेल तर लगेच लिहा, रस्त्यात वाचत राहीन.