जुन्या इन्व्हर्टर बॅटऱ्या परत गोळा करताना भाव वजनावर द्यावा की नगावर?

प्रश्न (वितरक, सांगली):
नमस्कार. सांगली, मिरज आणि तासगाव भागातील सुमारे ४० दुकानांना आम्ही इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या पुरवतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली असून गोळा करण्याचे काम आमच्याकडे आले आहे. ग्राहक नवी बॅटरी घेताना जुनी दुकानातच सोडतो, तरी निम्म्याहून अधिक माल भंगारवाल्याकडे जातो आणि जो आमच्याकडे येतो तोही बहुधा ॲसिड ओतून रिकामा केलेला असतो. एका दुकानामागील गटाराच्या कडेचे सिमेंट पांढरे पडून बोटाने उकरले जाईल इतके भुसभुशीत झालेले मी पाहिले, तेव्हापासून मन स्वस्थ नाही. आम्ही कोरड्या, म्हणजे ॲसिड वगळून उरलेल्या वजनावर भाव देतो. वेगळे संकलन केंद्र उभारावे का, आणि गाडी कशी फिरवावी?

उत्तर १ (बॅटरी पुनर्प्रक्रिया, पुणे):
केंद्राचा विचार नंतर करा, आधी भाव बदला. १५० एएच (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता) ची ट्यूब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांची इन्व्हर्टर बॅटरी भरलेली असताना साधारण ५५ ते ६० किलो भरते आणि त्यात २० किलोच्या आसपास ॲसिडच असते. तुम्ही कोरड्या वजनाचे पैसे देता, म्हणजे ॲसिड सांभाळणाऱ्या दुकानदाराला त्याचे काहीच मिळत नाही आणि ओतून टाकणाऱ्याची उचलण्याची मेहनत मात्र वाचते. त्याऐवजी मॉडेलनुसार नगावर भाव द्या, बॅटरी ॲसिडसह, उभी आणि झाकणे बंद अशीच हवी अशी अट घाला आणि रिकाम्या बॅटरीला स्पष्ट कपात लावा. भाव दर आठवड्याला जाहीर करावा. जुन्या बॅटरीची किंमत तिच्यातल्या शिशावर ठरते आणि शिशाचा दर लंडनच्या धातू बाजाराप्रमाणे हलतो, त्यामुळे महिनाभर एकच भाव ठेवलात तर दर चढल्यावर माल भंगारवाल्याकडे जाईल आणि उतरल्यावर सगळा तुमच्या दारात येईल.

उत्तर २ (पुरवठा नियोजन, नाशिक):
वरील मताशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट राहिली. भंगारवाला जागेवर रोख देतो. तुमची क्रेडिट नोट (दुकानदाराच्या खात्यात रक्कम जमा दाखवणारी चिठ्ठी) महिन्याने निघत असेल, तर कितीही चांगला भाव कामाचा नाही, म्हणून चालकाने बॅटरी मोजून घेताच ती नोट दुकानदाराच्या हाती पडली पाहिजे.

४० दुकानांसाठी वेगळे केंद्र नको. नवा माल पोहोचवणारी गाडीच परतताना जुना आणू शकते, कारण वजन जवळपास तेवढेच असते. गोदामात मात्र छप्पर, ॲसिड न खाणारी फरशी, सांडलेले अडवणारा कठडा आणि सांडलेल्या ॲसिडचा जोर मारायला चुन्याची पोती हवीत. अंदाजासाठी चालू विक्रीपेक्षा ३ ते ५ वर्षांपूर्वीची विक्री गावनिहाय पाहा, कारण आज परत येणारा माल बहुतांशी तेव्हा विकलेला असतो. उन्हाळ्यात उष्णता आणि भारनियमन एकत्र आले की बॅटऱ्या जास्त बसतात, तेव्हा एप्रिलपासून फेऱ्या वाढवाव्यात.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. तासगावच्या दहा दुकानांपासून नगावर भाव सुरू करतो. तडा गेलेली, गळणारी बॅटरी कशी आणावी?

उत्तर १:
तिला नाकारू नका, नाहीतर ती पुन्हा त्याच गटारात रिकामी होईल. गाडीत घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवून त्यात ती उभी आणावी आणि चालकाला रबरी हातमोजे, चष्मा व पाण्याचा कॅन द्यावा.